डावीकडचे पॉइंट्स गेले कुठे?

“मृदुला, हा माणूस एका टीमचे पॉइंट्स खातोय,” केल्विन माझ्या खुर्चीमागे येऊन म्हणाला. “त्याचा ॲक्सेस बंद कर.”

केल्विन माझा मॅनेजर. ऑफिस सिंगापूरच्या पाया लेबार भागात. आमच्याकडे रविवारची संध्याकाळ होती, पोलंडमध्ये भर दुपार. तिथल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगची मॅच चालू होती आणि तिसरा क्वार्टर संपत आला होता. टीव्हीच्या स्कोअरबोर्डवर पाहुण्या टीमचे एकसष्ट पॉइंट्स होते. आमच्या सिस्टिममध्ये अठ्ठेचाळीस.

आमचं काम थोडक्यात सांगते. कोणी किती पॉइंट्स केले, कोणी रिबाउंड घेतला, म्हणजे हुकलेला बॉल पकडला, पास कोणी दिला, ह्याची नोंद एक माणूस लाइव्ह व्हिडिओ बघत घरून करत असतो. त्याला आम्ही लॉगर म्हणतो. त्याच्या नोंदी सिंगापूरला येतात, माझी टीम त्या तपासते आणि मग त्या टीव्ही चॅनल्सकडे, वेबसाइट्सकडे, क्लबांकडे जातात. खेळाडूंची पुढची काँट्रॅक्ट्स ह्या आकड्यांवर ठरतात. लोक त्यांवर सट्टाही लावतात. त्यामुळे एकाच टीमचे पॉइंट्स गायब व्हायला लागले की सगळ्यांच्या मनात पहिली शंका एकच येते. लॉगर विकला गेला.

ह्या मॅचचे लॉगर होते यानुश. सदुसष्ट वर्षांचे, शाळेतले निवृत्त पी.टी.चे मास्तर, एका छोट्या गावात एकटे राहणारे. सहा सीझन मी त्यांचं काम तपासत होते. नव्या लोकांना शिकवताना मी त्यांच्याच जुन्या मॅच उघडायचे, इतकं ते चोख. पण आकडे समोर होते. पाहुण्यांच्या सात नंबरच्या खेळाडूने हाफटाइमपर्यंत अकरा पॉइंट्स केले होते. त्यानंतर आमच्याकडे एकही नाही. व्हिडिओत तर मी त्याला कोपऱ्यातून दोन बास्केट मारताना स्वतः पाहिलं होतं.

मी मेल लिहिला. गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या विभागाला. ‘लॉगरने जाणूनबुजून नोंदी वगळल्याचा संशय.’ केल्विनने वाचला, मान डोलावली, मी सेंड दाबलं. यानुशना एक फोनसुद्धा न करता.

मागोमाग पुरावा पाठवायचा होता म्हणून शॉट चार्ट उघडला. शॉट चार्ट म्हणजे कोर्टाचा नकाशा. जिथून शॉट मारला तिथे एक ठिपका. पहिल्या हाफमध्ये ठिपके सगळीकडे होते. तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोर्टाची डावी बाजू जवळजवळ कोरी होती. पाहुणे त्या हाफमध्ये डाव्या बास्केटवर खेळत होते, म्हणून त्यांचे पॉइंट्स गेले, इथवर ठीक. पण उजवीकडे बघितलं आणि मी थबकले. तिथेही यजमानांचे ठिपके फक्त अगदी टोकाला होते. त्यांचेही पाच पॉइंट्स कमी होते. मोठ्या फरकाच्या नादात ते आमच्या कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

कॅमेरा बॉलबरोबर फिरतो. मी व्हिडिओ मागे घेऊन नोंदीतून सुटलेला एकेक शॉट बघितला. प्रत्येक शॉट स्क्रीनच्या डाव्या भागातला होता. टीम कुठलीही असो.

पैसे घेतलेला माणूस एका टीमचे पॉइंट्स खाईल. हा माणूस स्क्रीनची डावी बाजूच बघत नव्हता.

मी व्हिडिओ कॉल लावला. यानुशनी लगेच घेतला. त्यांच्या चेहऱ्याची डावी बाजू ओघळली होती. चष्मा तिरका. डाव्या बाहीवर चहा सांडलेला, आणि तो हात मांडीवर तसाच पडलेला.

“यानुश, कसे आहात?”

“उत्तम!” आवाज नेहमीचा, खणखणीत. “पण मॅच अगदी रटाळ आहे हो. पाहुणे शॉटच मारत नाहीत.”

ऑफिसच्या फर्स्ट एड कोर्समध्ये शिकवलेलं आठवलं. मी म्हटलं, “जरा दोन्ही हात वर करता का?”

उजवा हात वर गेला.

“आणि डावा?”

“केला की. दोन्ही वर आहेत,” ते हसून म्हणाले. अर्ध्याच चेहऱ्याने.

ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटत होतं; डावी बाजू, शरीराची आणि स्क्रीनचीही, त्यांच्या मेंदूला कळतच नव्हती. इतकी वर्षं चुकीच्या नोंदी तपासल्या, पण असं काही मी कधी पाहिलं नव्हतं.

शेजारी केल्विनने माऊस हातात घेतला होता. स्क्रीनवर यानुशचं अकाउंट उघडलेलं.

“बंद करू नकोस!” मी ओरडलेच. “कॉल त्याच लॉगिनवर आहे. त्यांना स्ट्रोक आलाय!”

त्याने माऊस सोडला. माझ्या स्क्रीनकडे बघितलं आणि फोन उचलला.

सिंगापूरहून ॲम्ब्युलन्सचा नंबर फिरवला तर सिंगापूरची ॲम्ब्युलन्स येणार. म्हणून केल्विनने वॉर्साच्या आग्नेष्काला फोन लावून तो स्पीकरवर ठेवला. पोलंडमधल्या लॉगरांचं काम तीच बघते. पत्ता तिच्याकडे होता. “मी ११२ला कळवते,” ती म्हणाली. “तू त्यांना बोलतं ठेव. उठू देऊ नकोस.”

मी बोलत राहिले. ते सारखं म्हणत होते, “मॅच चाललीय, मला काम करू दे.” मी म्हटलं, “मॅच आम्ही घेतली, तुम्ही बसा.” त्यांना राग आला. “का? माझं काय चुकलं?”

मी पुन्हा म्हटलं, “तुम्ही बसा.”

मग दारावरची बेल वाजली. मी “उठू नका, उठू नका” म्हणेपर्यंत ते उठले. आणि कॅमेऱ्यातून एकदम खाली गेले. धाडकन आवाज आला. समोर नुसती रिकामी खुर्ची. पलीकडे दार फोडल्याचे आवाज. ती दोनेक मिनिटं मी खुर्चीची कड धरून बसले होते. ऑफिसात कोणी हलत नव्हतं.

ॲम्ब्युलन्सची माणसं आत आली. आग्नेष्काने फोनवरून मध्ये राहून त्यांचा प्रश्न मला सांगितला. “हे कधी सुरू झालं? मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं औषध ठराविक वेळेतच देता येतं. ते एकटे राहतात, कोणाला विचारणार?”

मला विचारणार होते. सिस्टिममध्ये प्रत्येक नोंदीची वेळ असते, सेकंदासकट. डाव्या बाजूची शेवटची बरोबर नोंद तिसऱ्या क्वार्टरच्या दुसऱ्या मिनिटाची होती, एक रिबाउंड. पुढच्याच मिनिटातलं डावीकडचं बास्केट नोंदवलेलंच नव्हतं. मी घड्याळातली वेळ सांगितली. आग्नेष्काने ती पोलिशमध्ये सांगितली. स्ट्रेचर बाहेर गेलं.

औषध वेळेत मिळालं. यानुश वाचले. पाय सुधारला, डाव्या हाताची बोटं अजून नीट वळत नाहीत. लॉगिंग ते आता करत नाहीत. नव्या लोकांना ऑनलाइन शिकवतात, आणि मी ऐकते त्यावरून बरेच रागावतात.

त्या मॅचच्या नोंदी आम्ही पहिल्यापासून पुन्हा केल्या. सात नंबरला त्याचे पॉइंट्स परत मिळाले. क्लायंटने खरमरीत मेल पाठवला, केल्विनने माफी मागितली. मी माझा मेल मागे घेतला, पण मागे घेतलेला मेलही फाइलमध्ये राहतो. पुढे एका कॉलवर मी यानुशना तो वाचून दाखवला. ते म्हणाले, “आकडे बघून मीही तेच लिहिलं असतं. पण आधी फोन केला असता.”

आता आमच्या चेकलिस्टमध्ये बदल आहे. आकडे जुळले नाहीत की पहिली पायरी: लॉगरला व्हिडिओ कॉल करा आणि तब्येत विचारा. संशय चौथ्या पायरीवर आहे. ह्यात फार तर दोन मिनिटं जातात. त्या दिवशी मेल लिहायला मला चार लागली होती.