मी न दाखवलेलं चित्र

भूत, आत्मा, भास असलं काही कोणी सांगायला लागलं की मी आधी विचारतो, त्या दिवशी जेवण किती झालं होतं? माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. बायको म्हणते, "याईचा इस्वास फक्त कूलरवर हाय." आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणून सांगतो... हा प्रकार घडला तोही कूलरसमोरच.

वर्ध्यातल्या एका चित्रकला कॉलेजात मी ऑफिसात आहे. रंगांशी माझा संबंध स्टॅम्प पॅडच्या शाईपुरता. आमच्याकडे जुन्या विद्यार्थ्यांच्या चित्रांचं छोटं संग्रहालय आहे. गेल्या मे महिन्यात गेटवर बॅनर लागला — 'उन्हाळी कलासफर, मोफत, मार्गदर्शकासह.' मास्तर मंडळी सुट्टीवर, म्हणून मार्गदर्शक मी! कारण काय, तर मला बोलायला आवडतं.

यायचे कोण? बहुतेक सेवाग्रामच्या दवाखान्यात ज्यांचा पेशंट भरती आहे ते लोक. दुपार काढायला यायचे आणि थेट कूलरसमोर उभे राहायचे. मीही सगळी कला तिथूनच समजावायचो. हॉलच्या पार टोकाला एक चित्र होतं, ढाब्यामागे मोठाले गंज, म्हणजे पातेली, घासत बसलेली बाई, पाठमोरी. तिथे कूलरची हवा पोचत नव्हती, म्हणून त्या चित्रापर्यंत मी कधी कोणाला नेलंच नाही.

त्या दुपारी डबा खाल्ला आणि खुर्चीत बसल्या बसल्या झोपलो. डोळा लागला वगैरे नाही, चक्क घोरत होतो.

जाग आली ती "जयभीम सर" या शब्दांनी. समोर साठीपलीकडची एक मावशी, हात जोडलेले, डोळे ओले. सोबत तिची भाची.

"लय उपकार झाले सर. किती मन लावून सांगतलं तुम्ही!"

मला वाटलं, टोमणा आहे. पण भाची सांगू लागली. मावशी कारंजा घाडगे गावची. हायवेवरच्या ढाब्यावर भांडी घासून तिने मुलाला, राहुलला, आमच्या कॉलेजात शिकवलं. शेवटच्या वर्षी अपघातात तो गेला. त्याने काढलेलं ते टोकाचं चित्र इथेच राहिलं. मावशीचे डोळे तपासायला दोघी सेवाग्रामला आल्या होत्या, ऑटोतून बॅनर दिसला.

"ते बाई मीच हावो," मावशी म्हणाली. "त्यानं माह्यं तोंड काऊन नाई काढलं, हेच मले खात होतं. वाटे, गंज घासनाऱ्या मायची लाज वाटली असन पोराले. आज तुम्ही सांगतलं काऊन ते. मोकळी झाली मी."

याच क्षणी म्हणायला हवं होतं — मावशी, मी झोपलो होतो. माझ्या तोंडून निघालं, "अहो, आमचं कामच आहे ते." वर रुबाबात फोन नंबरही दिला!

संध्याकाळी आमच्या शिपायाने, गजूने, कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकला. 'गाईड साहेब ड्युटीवर.' मी खुर्चीत, तोंड उघडं, चष्मा छातीवर. सगळा ग्रुप हसत होता. बायकोने फोटो मोठा केला. "मागं कोन हाय या?"

मागे, टोकाला, मावशी आणि भाची उभ्या होत्या. चित्राकडे नव्हत्या पाहत. चित्राच्या बाजूला, माणसाचं तोंड असतं तेवढ्या उंचीवर, दोघी मान वर करून पाहत होत्या... कोणी बोलत असताना आपण पाहतो तसं. तिथे नुसती भिंत होती.

गजूला फोन लावला. तो म्हणाला, "दोघीच होत्या साहेब. मले वाटलं, तुम्हाले उठवाची लाज वाटून राह्यली त्याईले."

बायको म्हणाली, "म्हंजे तुम्ही जागेपनापेक्षा झोपेत बरं बोलता." पण मग तिने फोटो पुन्हा हातात घेतला.

आठवडाभराने मावशीचा फोन. मी आडून विचारलं, त्या दिवशी दुसरं कोणी होतं का? "नाई जी, तुम्हीच. हेच चष्म्यावाले." मग म्हणाली, "एक डाव पुन्हा सांगता का सर? तवा रडूच आलं, शब्दच नाई राह्यले मनात. माह्या पोरीले सांगाचं हाय."

उद्या सांगतो म्हणालो. आमच्या एका मास्तरांना गाठलं. त्यांनी श्रमाचं प्रतीक, चेहरा नसलेला कष्टकरी असं बरंच काही सांगितलं. दुसऱ्या दिवशी तेच मी मावशीला ऐकवलं, चांगला घसा साफ करून.

मावशीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"नाई सर. हे नव्हतं. तुम्ही दुसरं सांगतलं." मग मलाच सांभाळून घेत म्हणाली, "उन्हाच्यानं इसरले असान. आठवलं का फोन करजा."

खरं सांगून टाकावं असं रोज वाटतं. पण सांगितलं आणि तिच्या मनात ती जुनी शंका पुन्हा शिरली तर? हे कारण अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं म्हणजे माझी लाज. ऑफिस सुटल्यावर त्या चित्रासमोर जाऊन उभा राहतो, घाम पुसत. बाईची पाठ दिसते, वाकलेली मान दिसते. ऐकू काहीच येत नाही.

त्या दिवशी माझ्या रूपात कोण बोललं, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कोणाला ते सापडलं तरी माझं भागणार नाही. मला तो काय बोलला ते हवंय.

परवा मावशीचा पुन्हा फोन आला. बायकोने नाव वाचून तो माझ्या हातात दिला. वाजून वाजून बंद होईपर्यंत मी तसाच धरून बसलो.