गिरकीकाकांची गिरकी

विमानं दुरुस्त करणाऱ्या त्या मिस्त्रींना सगळे गिरकीकाका म्हणत. एखादी दुरुस्ती पुढे ढकलायची झाली, की विमानात शिरून ते आधी गर्रकन मागे वळत, वैमानिकाच्या खुर्चीकडे तोंड करत आणि मगच सूचनेची पट्टी चिकटवत. घरीही तेच. बायकोने उजवीकडचा डबा मागितला, की स्वारी गिरकी घेऊन डावीकडचा आणून द्यायची.

नव्या तपासनीस बाईंना राहवेना. "काका, नाचताय की काय?"

काका हसले नाहीत. "एकदा एका विमानात पंखाजवळच्या डाव्या संकटकालीन दाराचा खटका अडकला होता. दुरुस्ती चार दिवस ढकलता येत होती, पण दारावर 'वापरू नका'ची पट्टी लावून, शेजारच्या जागा रिकाम्या ठेवून. विमानाचं डावं ठरतं ते वैमानिकाच्या डाव्या हातावरून. मी पुढून शिरलो, शेपटीकडे तोंड करून चालत गेलो आणि माझ्या डाव्या हाताच्या दाराला पट्टी लावून मोकळा झालो."

"म्हणजे चांगलं दार बंद केलंत?"

"हो. आणि कागदावर 'डावं' लिहून सही ठोकली."

"मग चूक पकडली कोणी?"

"कोणीच नाही. कागद चोख होता ना. चौथ्या दिवशी दुरुस्तीला मीच गेलो, तेव्हा कळलं. तोवर माणसं त्या न उघडणाऱ्या दाराला डोकं टेकून निवांत झोपत होती."