राजाची राहिलेली उडी

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. अमावस्येला नवीन भांडी आणते, मांजर आडवं गेलं तर मांजरालाच दटावते. ज्याचं आयुष्य बुद्धिबळात गेलं त्याचा विश्वास एकाच गोष्टीवर असतो, समोर पटावर जे दिसतं त्यावर. आणि घोळ नेमका तिथेच आहे... कारण जे झालं ते पटावरच झालं. भर सकाळी अकराला, हॉलभर पालकांच्या देखत.

गंगापूर रोडला एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझा बुद्धिबळाचा क्लास आहे. खाली मिसळीचं हॉटेल, त्यामुळे आमच्या मुलांचं लक्ष दहानंतर पटावर कमी आणि रश्श्याच्या वासावर जास्त. एकेकाळी मी राज्य विजेती होते. ते कप अजून कपाटात आहेत आणि त्यांच्यावरची धूळ मीच पुसते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत क्लास रोडावत चालला होता. मोबाईलवर सगळं फुकट शिकायला मिळतं ना! एका मुलीचे वडील तर तोंडावरच म्हणाले, "मॅडम, आता हे कॉम्प्युटर शिकवतो. त्याला माणूस कशाला?" माझं डोकं फिरलं. म्हटलं, आणा तुमचा कॉम्प्युटर, पालकांसमोर खेळते. हरले तर क्लासचं काय करायचं ते तुम्हीच ठरवा.

बोलून बसले खरी. आजच्या मोठ्या प्रोग्रॅमपुढे जगज्जेत्यांची डाळ शिजत नाही, माझी काय शिजणार! वाट काढली ती कुलथेसरांनी. ते पॉलिटेक्निकमधून रिटायर झालेले, आमच्याकडे दर रविवारी खेळायला येतात. त्यांनी चार वर्षं खपून स्वतःचा एक प्रोग्रॅम बनवला होता. ताकद साधारण माझ्याएवढीच. कधी तो जिंकायचा, कधी मी. सामना त्याच्याशी ठरला.

आता थोडं मागं जावं लागेल, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

मी मूळची येवल्याची. आमच्या शेजारच्या गल्लीत दगूकाका पैठणी विणायचे. मागावरून उतरून चहाला बसायचे तेवढ्या वेळात त्यांनी मला बुद्धिबळ शिकवलं. त्यांचा खेळ देशी. देशी डावात प्यादं सुरुवातीलासुद्धा एकेकच घर सरकतं आणि राजाला एक सवलत असते. अख्ख्या डावात एकदाच, तो घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारू शकतो. अट एवढीच की तोवर त्याला एकही शह बसलेला नसावा. म्हणून जाणते खेळाडू मात करण्याआधी एखादा फुकटचा शह देऊन ठेवायचे. काका त्याला 'उडी मोडणं' म्हणायचे. "आधी उडी मोड, मंग मात कर," हे त्यांनी मला शंभरदा तरी ऐकवलं असेल.

सोळाव्या वर्षी मी जिल्ह्याची स्पर्धा जिंकून आले. डोक्यात हवा गेलेली. गल्लीतल्या लोकांनी हौसेने काकांशी माझा डाव लावला. देशीच, एकेक घर प्यादी सरकवत. मी काकांचा राजा त्याच्याच तीन प्याद्यांमागे कोंडला. पुढच्या चालीला मात. काकांनी हसत राजा उचलला आणि प्याद्यांवरून उडवून पलीकडे ठेवला... मी उडी मोडायची विसरले होते. माझा सगळा डाव कोसळला. मी त्यांचा हात धरला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हे असलं चालत नाही काका. पुस्तकात नाहीये."

त्यांनी राजा परत जागेवर ठेवला.

"बरं. मंग उडी राह्यली माझी," एवढंच म्हणाले आणि राजा आडवा केला. लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर काका माझ्याशी कधी खेळले नाहीत आणि मीही कधी विचारलं नाही. नऊ वर्षांपूर्वी ते वारले, तेव्हा मी क्लासच्या मुलांना घेऊन स्पर्धेला गेले होते. भेटायला जायचं राहूनच गेलं. लाज वाटत होती, हे खरं कारण.

तर सामना. भिंतीवर प्रोजेक्टर, पुढच्या रांगेत 'ते' वडील हाताची घडी घालून. मी चाली लॅपटॉपवर करत होते आणि शेजारी कागदावर लिहीतही होते. सवयच आहे. कॉम्प्युटरचा राजा कोपऱ्याजवळ, पुढे त्याची तीन प्यादी. अठ्ठाविसाव्या चालीला मला हत्तीने एक शह देता येत होता, पण तो घोडा मध्ये घालणार, उपयोग शून्य. दिला नाही. एकतिसाव्या चालीला मी असा व्यूह जमवला की त्याने काहीही केलं तरी पुढच्या चालीला मात होती. प्यादं सरकवून वाट केली असती, तर त्या वाटेवर माझा उंट टपलेला होता. मी खुर्चीला टेकून बसले. कुलथेसरांचे दोन्ही हात मांडीवर होते, हे मला नीट आठवतंय.

आणि राजाने उडी मारली. प्याद्यांवरून, अडीच घरं.

मागे कुणीतरी हसलं. कुलथेसर लालबुंद झाले. "सॉरी मॅडम, काहीतरी बिघाड आहे. ही चालच नाही. डाव तुमचा." पुढच्या रांगेतल्या वडिलांनीही मान हलवली. मी नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सामना माझा होता, क्लासही वाचत होता.

मला तो अठ्ठाविसाव्या चालीचा शह आठवला... न दिलेला.

"चाल बरोबर आहे," मी म्हणाले. "उडी मोडली नव्हती मी. खेळू द्या त्याला."

कुणाला काही कळलं नाही. पुढच्या एकोणीस चालींत मी हरले, स्वच्छ हरले. त्या महिन्यात आणखी मुलं क्लास सोडून गेली. त्या वडिलांची मुलगीही गेली.

कुलथेसर तर झपाटल्यासारखे त्या बिघाडाच्या मागे लागले. प्रोग्रॅम प्रत्येक चाल आपोआप साठवतो. त्या फाइलमध्ये डाव माझ्या एकतिसाव्या चालीवर संपतो. पुढे एकही चाल नाही. माझ्या कागदावर मात पन्नास चाली आहेत. एका पालकाने मोबाईलवर व्हिडिओ काढला होता, त्यात राजा उडी मारताना स्पष्ट दिसतो. सरांनी तीच मांडणी प्रोग्रॅमला पुन्हा पुन्हा घालून पाहिली. तो दरवेळी प्यादं सरकवतो आणि मात खातो. आणि एक गोष्ट मी सरांनाही उशिरा दाखवली. मी सगळ्या चाली इंग्रजी अक्षरांत लिहिते, आयुष्यभर तेच केलंय. त्या कागदावर एकाच जागी मराठी आहे, 'रा. उडी'. अक्षर माझंच. कधी लिहिलं, आठवत नाही.

त्यानंतर माझं कशात लक्ष लागेना. गॅसवर दूध ठेवून गॅलरीत येरझाऱ्या घालायची, मुलांना शिकवताना वाक्य अर्धंच सोडायची. दोन आठवड्यांनी एसटीत बसले आणि येवल्याला दगूकाकांच्या घरी, काकूंकडे गेले. काकू आता खूप थकल्यात, पण कान शाबूत. सगळं सांगितलं आणि शेवटी विचारलं, काका माझ्यावर रागावले होते का?

"राग? नाय गं," काकू म्हणाल्या. "गल्लीत तुला कुणी नावं ठिवली तर तेच भांडायचे. म्हणायचे, पोरगी लय हुशार हाय. उडी मोडायला इसरली, म्हून घाबरून पुस्तक काढलं तिनं."

मग ते खेळत का नव्हते माझ्याशी, मी विचारलं.

"तू बोलावशील म्हून वाट पाहायचे."

उडी मोडायची विसरले होते, हे मी त्या दिवसापर्यंत एकाही जिवंत माणसाला सांगितलं नव्हतं. आणि त्यांना ते त्याच क्षणी कळलेलं होतं. एसटीत परत येताना मी खिडकीकडे तोंड करून रडले.

वाटलं होतं, भेटून आले की मन शांत होईल. नाही झालं. यामागे काय होतं, मला आजही माहीत नाही. कुलथेसर 'बिघाड' म्हणतात, पण म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत. आता दर रविवारी मी त्या प्रोग्रॅमशी खेळते. राजा प्याद्यांमागे कोंडला जातो, फुकटचा एखादा शह समोर असतो. तो मी मुद्दाम देत नाही. माऊसवरचा हात काढते आणि बोलावते, मनातल्या मनात... खेळा काका.

प्रोग्रॅम गुपचूप एक प्यादं सरकवतो आणि मात खातो. दरवेळी. उडी एकदाच असते, नियमच आहे तो.