राळेगावचा काटा आणि आमची पंचावन्न किलोची काळजी

रुबीनाला वणीला न्यायचं ठरलं तेव्हा माझी पात्रता एवढीच होती की माझ्याकडे गाडी होती आणि रविवार-सोमवार कॉलेजला सुट्टी होती. आर्णीतली आमच्या शेजारची ही मुलगी कराटेसाठी दोनदा परदेशी जाऊन आली आहे. कोलंबोहून तिनं पदकही आणलं. आता तिसऱ्या परदेशवारीची निवड चाचणी सोमवारी सकाळी वणीत होती. ती पंचावन्न किलोखालच्या गटात खेळते. सकाळच्या वजनात त्याच्या वर गेली की लढत नाही आणि परदेशही नाही.

निघताना तिचे वडील, गाद्या भरणारे रहीमभाई, खिडकीशी आले. "मॅडम, रस्त्यात कोणाचंच खाऊ देऊ नका तिले. तुम्ही खा, पण तिच्यासमोर नका खाऊ."

यवतमाळपर्यंत रस्ता उत्तम आहे. तिथं स्टँडजवळ आलूबोंडा-रस्सा मिळतो, तो चुकवू नका. मी गाडीमागे उभी राहून खाल्ला. समोर खाल्ला नाही हे खरं, पण वास समोरच जात होता. याला शब्द पाळणं म्हणायचं का, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

चहावाल्यानं रुबीनाला ओळखलं. "तुम्हीच का त्या? इटा फोडता म्हणे!"

"इटा नाही काका. माणसाले मारतो, पण लागू देत नाही. लागलं तर गुण कापतात."

"लागू द्यायचं नाही, मंग इतक्या दूर कायले जाता?" त्यानं खऱ्या काळजीनं विचारलं.

राळेगावला दहा मिनिटं थांबायचं कबूल केलं होतं. रुबीनानं तिथं उन्हाळी शिबिर घेतलं होतं आणि विठ्ठलराव नावाच्या शेतकऱ्याची मुलगी त्यात शिकली होती. दहा मिनिटांचा सत्कार सरकी काढायच्या एका जिनिंग कारखान्याच्या आवारात होता. कापूस मोजायच्या काट्याला झेंडूच्या माळा घातलेल्या. विठ्ठलराव म्हणाले, "ताई, तुमची पेढ्याची तुला करणार होतो. मंग पेढ्याचा भाव पाह्यला अन् औंदाच्या कापसाचा पाह्यला. कापूसच परवडते." सगळे हसले. जिनिंगचे शेठ जरा कमी हसले.

रुबीना मात्र खूश. घरचा वजनकाटा सेल संपून बंद पडला होता, त्यामुळे दोन दिवस वजनच पाहिलं नव्हतं. ती काट्यावर चढली. साडेचोपन्न! तिनं उडीच मारली. तेवढंच वजन सरकीसकट कापसाचं त्याच काट्यावर मोजून तिच्यासमोर रचलं गेलं. "मावशी, एक पेढा तर चालते आता," मला म्हणत तिनं सत्काराच्या ताटातला पेढा उचलला.

"थांब पोरी," मागून एक म्हातारी ओरडली. "त्या काट्याच्या भरवशावर नको खाऊ. माह्या कापसाचं वजन घरी एक येते अन् इथं कमी."

सगळ्यांच्या माना शेठकडे वळल्या.

"काटा एकदम बरोबर आहे! सरकारी शिक्का आहे त्याच्यावर!"

"मंग खाऊ द्या ना पोरीले," विठ्ठलराव गोड आवाजात म्हणाले.

पेढा हातात धरून रुबीना शेठसमोर उभी राहिली. "काका, माही सहा महिन्याची मेहनत आहे. खरं सांगा, खाऊ का?"

शेठनी रुमाल काढला. कपाळ पुसलं. "बेटा, पेढे कालचे आहेत. नको खाऊ."

"अन् संध्याकाळी जेवू?"

"संध्याकाळी... हवा बरी नाही सध्या. नको जेवू."

"पाणी?" म्हातारीनं विचारलं.

शेठ हळूच म्हणाले, "पाणी बी कमीच पी."

इतका प्रामाणिक माणूस मी पाहिला नाही, असं म्हणणार होते, पण ते त्याच्यावर आणि शेतकऱ्यांवर दोघांवरही अन्याय करणारं होईल.

कापूस परतताना न्यायचा ठरला. करंजी सोडल्यावर घाम गाळायला रुबीनानं दोन स्वेटर घातले, वर सत्काराची शाल गुंडाळली आणि रस्त्यावर उतरून पळायला लागली. मागून मी पहिल्या गिअरमध्ये. कोळशाच्या एका ट्रकवाल्यानं शेजारी ट्रक घेतला. "ओ मॅडम, काय गुन्हा केला पोरीनं? बसू द्या ना गाडीत!" मी समजावून सांगेपर्यंत तो मान हलवत निघून गेला. मारेगावपर्यंत अशा तिघांनी मला झापलं.

वणीत लॉजवर मागची खोली मागा, पुढच्या रस्त्यावर रात्रभर ट्रक असतात. सकाळी रुबीना वजनाला गेली तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. चोपन्न किलो नऊशे. बाहेर येऊन तिनं माझा अख्खा डबा संपवला. दुपारी शेवटच्या लढतीत तिची लाथ समोरचीच्या कानापर्यंत गेली आणि केसांना शिवून थांबली. पंचांनी झेंडा वर केला. निवड झाली! चहावाल्याला हे दाखवायला हवं होतं.

शेठ चिडले असतील म्हणून परतताना राळेगावला मी थांबायला घाबरत होते. आवारात कापसाच्या बैलगाड्यांची रांग होती. जुना काटा पोत्याखाली झाकलेला, शेजारी नवा.

"पोरगी आली!" विठ्ठलराव ओरडले. "ताई, वणीत किती भरलं?"

"चोपन्न नऊशे."

"चढा. तुम्ही चढल्याशिवाय एक बोंड टाकत नाही आम्ही काट्यावर."

मला राहवलं नाही. "पण त्यानंतर ती जेवली आहे. माझा डबा, केळी, झुणका-भाकर..."

"मंग वाढलंच असन ना मॅडम!"

रुबीना चढली. आकडा पंचावन्नच्या वर गेला, आणि सगळ्या रांगेनं टाळ्या वाजवल्या. वजन वाढल्याबद्दल तिला आयुष्यात पहिल्यांदाच टाळ्या मिळाल्या असतील. सगळ्यात जोरात शेठ वाजवत होते.

मागच्या सीटवर, टपावर, पायाशी कापूस भरून आम्ही आर्णीला पोचलो. रुबीनाचं फक्त डोकं दिसत होतं. रहीमभाईंनी सरकी काढायच्या आधी कापूस दुकानातल्या तागडीवर तोलला आणि भुवया चढवल्या. "साडेचोपन्न म्हणले होते ना? हा तर छप्पनच्या वर आहे."

रुबीना कापसाच्या ढिगावर आडवी झाली होती. डोळे न उघडता म्हणाली, "काल तेवढीच होतो मी अब्बा. वरची मारेगावच्या रस्त्यावर ठेवून आलो."