मुशीतला डच शिपाई

गॅसच्या भट्टीचा वास आला की मला दुबईतल्या बर दुबई भागातला तो सोनार आठवतो. लेकीच्या बांगड्यांसाठी सासूबाईंची पुतळ्यांची माळ, म्हणजे सोन्याच्या नाण्यांची हो, आटवायला दिली होती. ज्योत पेटली आणि वेंगुर्ल्याहून त्यांचा फोन आला, "त्यातला बाणवाला शिपाई काढलास ना? आपल्या गावच्या डच वखारीतलं नाणं आहे ते." मी साफ विसरले होते. "भैया, रुको." "भाभी, खलास, गल रहा है." लेक म्हणाली, "आई, इट्स जस्ट गोल्ड." मी मुशीकडे हात नेला, तेव्हा घाबरून त्याने चिमट्याने नाणं ओढलं. बाण शाबूत होते, शिपायाचं तोंड वितळलं होतं. "काढला," मी फोनवर म्हटलं. पुढे दर सुट्टीत भेटलो, पण त्या कधी "दाखव" म्हणाल्या नाहीत. माझ्या आवाजावरूनच त्यांना समजलं असणार, हे आता त्यांच्या वयाची झाल्यावर कळतंय.