दाराबाहेरचा आज्जा

पाचव्या वर्षी मी स्वर्ग पाहून आले, असं आमच्या चर्चमधली जुनी माणसं अजून सांगतात. रविवारी उपासना सुटली की एखादी म्हातारी माझी हनुवटी धरते आणि शेजारणीला म्हणते, "हीच ती." आता पस्तिशी उलटली, हुबळीतच उणकलला आमचा फ्लॅट आहे, जिना चढताना गुडघा कुरकुरतो, तरी 'हीच ती' काही सुटत नाही. मी हसते. करणार काय? खरं सांगायचं तर स्वर्गातलं मला आज काहीही आठवत नाही. जे सांगितलं ते सगळं तोंडपाठ आहे. जे पाहिलं ते गेलं. याचं मला फार वाईट वाटतं, आणि का वाटतं ते सांगायचं तर आज्जापासून सुरुवात करावी लागेल.

आज्जा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. माणसं मूळची मिरजेकडची. आज्जा अळणावरला लाकडाच्या वखारीत हाताखाली काम करत सुतारकाम शिकला आणि पुढे हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये लागला. आमच्या लहानशा मराठी चर्चचं व्यासपीठ त्याने केलेलं होतं. अळणावरचं सागवान, पुढच्या अंगाला कोरलेला द्राक्षवेल, आणि कुठे एक खिळा दिसेल तर शपथ. पुढे कमिटीला वाटलं की हे फार अवजड आहे, आणि एके दिवशी काचेचं, चकचकीत, तयार व्यासपीठ आलं. आज्जाचं व्यासपीठ मागच्या पडवीत गेलं. त्यावर चटयांच्या गुंडाळ्या ठेवायला लागले.

"माझं लाकूड बाहेर, तर मी पण बाहेर," आज्जा म्हणाला, आणि त्या रविवारपासून त्याने चर्चमध्ये पाऊल ठेवलं नाही. पाळकसाहेब घरी येऊन गेले, कमिटीतले दोघे येऊन गेले. आज्जाने सगळ्यांना चहा पाजला आणि हेका सोडला नाही. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, इथे तर सुंभही शाबूत होता. प्रभुभोजन नाही, नाताळ नाही, काही नाही.

गंमत म्हणजे त्याने एकही रविवार चुकवला नाही. आज्जीला स्कूटरवर मागे बसवून आणायचा आणि उपासना संपेपर्यंत दाराबाहेर चिंचेखाली उभा राहायचा. गाणी सुरू झाली की बाहेरून त्याचा खर्जातला आवाज यायचा. आमच्या चर्चमध्ये चपला पायरीपाशी काढून आत जातात. एकदा आज्जीच्या चपला त्या ढिगातून कुणीतरी घालून गेलं आणि ती उन्हात अनवाणी घरी आली. तेव्हापासून ती आत गेली की आज्जा तिच्या चपला उचलून हातात धरायचा. उपासना सुटली की तिच्या पायापुढे ठेवायचा. पुरुषमाणूस भर रस्त्यात बायकोच्या चपला घेऊन उभा, म्हणून लोक हसायचे. आज्जी लाजून पुटपुटायची, "ठेवा की हो खाली." तो ठेवायचा नाही.

असाच एका उन्हाळ्यात तो गेला. वर्कशॉपमधून निवृत्त होऊन फार दिवस झाले नव्हते. पाळकसाहेबांनी चांगली प्रार्थना केली, माती झाली, माणसं जेवून गेली. पण घरात एक गोष्ट कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांच्या मनात होती. आज्जा चर्चशी भांडून, प्रभुभोजन न घेता गेला होता. त्याला आत घेतलं असेल का? आज्जीने हे कुणालाही विचारलं नाही. फक्त उपदेशात स्वर्गाच्या बंद दाराचा विषय निघाला की ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहायची. बोट पांढरं पडेपर्यंत.

त्याच पावसाळ्यात मला विषमज्वर झाला. दवाखान्यात बरेच दिवस होते, आणि मधले काही दिवस घरच्यांनी माझी आशा सोडली होती, असं मम्मी सांगते. एका सकाळी मी डोळे उघडले आणि म्हणाले, "मी आज्जाला बघून आले." खाटेशी मम्मी आणि आत्या होत्या. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, बायकांच्या प्रार्थनेची पुढारी. दोघी जवळ वाकल्या. मी म्हणाले, "आज्जा दाराबाहेर उभा होता. आत गाणं चाललं होतं." पुढे आणखी काहीतरी सांगत होते, पण तेवढ्यात आत्याने माझ्या तोंडावर हात ठेवला. "सुम्न कूड," ती कानडीत म्हणाली. गप्प बस. मग मम्मीकडे वळून हळूच म्हणाली, "हे आईच्या कानावर जाऊ द्यायचं नाही."

हे संभाषण मला मम्मीने पुढे केव्हातरी सांगितलं. माझं स्वतःचं म्हणून जे आठवतं ते फक्त आत्याच्या हाताचं. त्याला कांद्याचा वास होता.

आत्या दुष्ट नव्हती. तिचं बापावर जीव टाकण्यासारखं प्रेम होतं, म्हणून तर ती घाबरली. आज्जा दाराबाहेर उभा राहायचा हे तिने शेकडो वेळा पाहिलं होतं. तिलाच काय, अख्ख्या मंडळीला ठाऊक होतं. पण स्वर्गाचा विषय निघाला की आम्हा लोकांना घरचं काही आठवत नाही, फक्त उपदेश आठवतात. बाहेर म्हणजे बाहेर घातलेला, एवढंच तिला सुचलं.

पोरीने आज्जाला पाहिलं, ही बातमी मात्र नर्सबाईंमार्फत आमच्याआधी चर्चमध्ये पोचली. आता ती झाकता येईना. मग आत्याने ती सरळ केली. घरी आल्यावर ती मला मांडीवर घेऊन विचारायची, "दार उघडलं ना ग? मग आज्जा आत गेला ना? अंगात काय होतं, पांढरा झगा ना?" मी मान हलवायची. आजारातून उठलेल्या पोराला कुणी मांडीवर घेऊन इतकं गोड बोललं तर ते कशालाही मान हलवेल. एक-दोन आठवड्यांत आज्जाच्या डोक्यावर मुकुटही आला.

माझा धाकटा भाऊ तेव्हा तीन वर्षांचा. माझे लाड बघून तोही म्हणायला लागला, "मी पण बघितला स्वर्ग. तिथं तळं आहे. म्हशी आहेत." तळं म्हणजे उणकलचं, दुसरं त्याने पाहिलंच नव्हतं. आत्या म्हणाली, "स्वर्गात म्हशी नसतात." आज्जी तांदूळ निवडत होती, ती वर न बघता म्हणाली, "नाहीत म्हणून कुठं लिहिलंय?" भावाला साक्ष द्यायला कुणी बोलावलं नाही.

मला मात्र बोलावलं. आमच्यात दर आठवड्याला एकेका घरी प्रार्थना असते. गाणी होतात, कुणीतरी साक्ष देतं, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगतं, आणि मग गिरमिट, म्हणजे कांदा-मसाला घालून कालवलेले चुरमुरे, आणि चहा. पुढची दोन-तीन वर्षं साक्ष माझी. धारवाडहून बोलावणी यायची, कानडी मंडळींकडूनही यायची. तिथे मी कानडीत सांगायची. मला फ्रॉक घालून स्टुलावर उभी करायचे. सोन्याचा रस्ता, काचेसारखी नदी, पांढऱ्या झग्यातला आज्जा. कुठे थांबलं की बायका डोळ्यांना पदर लावतात, ते मला कळायला लागलं होतं. पेढा ठरलेला असायचा.

नंतर लोक फोटो आणायला लागले. "ह्यांना बघितलंस का?" मी बघायची आणि हो म्हणायची. बेलूरच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका माणसाची बायको आली होती, तिचा लहान मुलगा गेला होता. मी म्हणाले, तो चेंडू खेळत होता. ती बाई माझ्यासमोर फरशीवर बसली आणि तिने माझे पाय धरले. पुढे दर नाताळला ती मला फ्रॉक पाठवायची. आजही मला कळत नाही की त्या गोष्टीची लाज वाटून घ्यावी की नाही. तिला त्या रात्री झोप लागली असेल, एवढं खरं.

एकदा आमच्याच घरी प्रार्थना होती. आज्जी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून ऐकत होती. मी मुकुटापर्यंत आले. सगळ्या बायका "आमेन" म्हणाल्या. आज्जी उठून चहाकडे गेली. मी पेढा मागायला आत गेले तर ती आधण ढवळत स्वतःशीच म्हणत होती, "मुकुट. ह्यांना टोपी सहन व्हायची नाही. डोकं खाजतंय म्हणायचे."

तेव्हा मला ती थट्टा वाटली. आज वाटतं, नवरा आत पोचला की नाही हे कळायची तिची एकच वाट होती, ती म्हणजे मी. आणि माझ्या तोंडून तिला भलताच माणूस ऐकू आला. त्यानंतर तिने माझी साक्ष कधी ऐकली नाही. प्रार्थना असली की भाजी आणायची राहिली म्हणून बाजारात निघून जायची.

मी आठेक वर्षांची झाले तेव्हा गदगकडच्या एका मुलाने स्वर्गाबरोबर नरकही पाहिला. त्यापुढे माझा भाव उतरला. मला हायसं वाटलं. पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. पाटी इतक्या वेळा पुसून लिहिली होती की पहिली अक्षरं कुठली ते मलाही सांगता येईना.

शेवटची काही वर्षं आज्जी माझ्याकडे होती. दुपारी गॅलरीत खुर्ची टाकून बसायची. एका दुपारी मी तिच्या पायांना तेल लावत होते, तेव्हा ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तुझ्या आज्जाला आत घेतलं असंल काय ग?"

इतकी वर्षं झाली होती. मला वाटलं होतं तिचा तो प्रश्न केव्हाच विझला असेल. माझा हात थांबला. पुन्हा झगा आणि मुकुट सांगणं सोपं होतं, पण तिच्यापुढे ते सांगायचा मला वीट आला. म्हटलं दुखलं तर दुखू दे, आता खरं काय ते कळू दे. मी म्हणाले, "आज्जी, ते सगळं नंतरचं. पहिल्यांदा मी निराळंच बोलले होते. आज्जा दाराबाहेर उभा होता, आणि आत गाणं चाललं होतं, असं."

पुढे वाकून तिने माझं मनगट धरलं.

"हातात काय होतं त्यांच्या?"

मला एका क्षणात सगळं कळलं. ती काय ऐकायला बसली आहे तेही कळलं. 'तुझ्या चपला' म्हणायला काय लागत होतं? माझ्या जिभेवर आलं होतं. पण लहानपणभर मी समोरच्याला हवं तेच सांगत आले होते, आणि तिला त्यातलंच आणखी एक द्यावं असं मला वाटेना. मी आठवायचा खरोखर प्रयत्न केला. झगा दिसला, मुकुट दिसला, बेलूरच्या मुलाचा चेंडू दिसला. आज्जाचे हात काही दिसले नाहीत.

"मला आठवत नाही, आज्जी," मी म्हणाले, आणि मला रडू आलं.

"असू दे," ती म्हणाली. "मला ठाऊक आहे." मग एकदम रागाने, "एवढी वर्षं हे मला कुणी सांगितलं नाही काय? एवढं एक वाक्य?" ती गॅलरीतून खाली रस्त्याकडे बघत राहिली. संध्याकाळी जेवताना मात्र ती आपणहून बोलली. "मला नेताना पायात काही घालू नका. ध्यानात ठेव."

मी ध्यानात ठेवलं.

ती गेली त्या दिवशी आत्या धारवाडहून आली. आता तीही थकली आहे, काठी लागते. आमच्यात मातीला नेताना चांगली साडी, हातात फुलं आणि पायात पांढरे मोजे घालतात. आत्याने मोजे तर आणलेच होते, शिवाय पिशवीत कोऱ्या चपला होत्या, मऊ तळव्यांच्या. आज्जीला टाचेचा त्रास होता म्हणून. मी तिचा हात धरला.

"आईला अनवाणी पाठवायची काय?" आत्या म्हणाली.

"तिनंच सांगितलंय. तिच्या चपला आज्जाकडं आहेत."

आत्याला कळायला वेळ लागला. कळलं तशी ती पलंगाच्या कडेवर टेकली. बाहेर माणसं जमत होती, पाळकसाहेब आल्याचा आवाज आला. पिशवी मांडीवर तशीच होती.

"त्या दिवशी दवाखान्यात तू हेच सांगणार होतीस काय ग?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही, आत्या," मी म्हणाले. "मला आता आठवत नाही."