निघणारं स्टिअरिंग

ती घटना मी विसरलो असं म्हणालो, तर ते माझ्या नोकरीतलं दुसरं खोटं ठरेल. पहिलं खोटं कोणतं, ते सांगण्यासाठीच हे लिहितो आहे.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी नाशिकमध्ये फौजदार होतो. एका दुपारी वर्दी आली की त्र्यंबक रस्त्यावर एक मोटार चिंचेच्या झाडावर आदळली असून चालक जागीच ठार झाला आहे. जाऊन पाहतो तर लाल रंगाची, बुटकी, दोनच माणसं बसतील अशी स्पोर्ट्स कार. आत सातपूरच्या एका कारखानदाराचा एकुलता एक मुलगा होता. स्टिअरिंगचं चाक त्याने दोन्ही हातांत घट्ट धरलेलं होतं, पण ते चाक गाडीला जोडलेलंच नव्हतं. पंचनाम्यात हे लिहिताना माझ्या हवालदाराने दोनदा माझ्या तोंडाकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच खबर आली. धंद्यातला शेजारी अशा वेळी फार तत्पर असतो. गॅरेज गल्लीतला एक मेकॅनिक स्वतःहून ठाण्यात आला आणि म्हणाला, "साहेब, ते चाक गाडीचं मूळचं नव्हतंच. आमच्या गल्लीतल्या मिस्त्रीने महिन्यापूर्वी बसवून दिलं. कडी मागे ओढली की चाक हातात येतं, दाबलं की परत बसतं. शर्यतीच्या गाड्यांना असतं म्हणे. त्या पोराने मुंबईहून आणलं होतं."

मी मिस्त्रीला उचललं. चाळिशीचा, कमी बोलणारा बौद्ध गृहस्थ. गल्लीत त्याच्या हाताला मान होता. कारखानदाराचे फोन वरपर्यंत जात होते, तेव्हा मी सदोष मनुष्यवधाचं कलम लावून तीन दिवसांची पोलीस कोठडी घेतली. ते कलम टिकणार नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

"साहेब, मी वीस वेळा काढून, बसवून बघितलं," तो एकच सांगत राहिला. "कट्ट आवाज आल्याशिवाय गाडी चालवायची नाय, असं त्याला लय बजावलं होतं."

"मग निघालं कसं?"

यावर तो गप्प. गप्प बसणारा आरोपी म्हणजे गुन्हेगार, असा आमचा खाक्या होता. मी हात उचलला. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "लिहा साहेब. माझंच चुकलं असं लिहा."

कबुली मिळाली की ठाण्यात चहा येतो. आमच्याकडेही आला. संध्याकाळी मुद्देमालाला चिठ्ठी लावायची होती. मोटार वाहन निरीक्षकांचा अहवाल आलेला होता: कडी पूर्ण बसलेली नव्हती. एवढंच, कारण दिलेलं नव्हतं. मी सहज ती कडी मागे ओढून उजेडात धरली. आत लाल-पिवळ्या सुताचे चार धागे चेपून बसले होते. टाचणीने काढून पाहिले. देवीचा नाडा.

मी तडक कोठडीपाशी गेलो आणि धागे त्याच्यासमोर धरले. मिस्त्रीने मान खाली घातली.

"हे तुला माहीत होतं?"

"आठवड्यापूर्वी तो हवा भरायला आला होता. तेव्हा स्टिअरिंगच्या दांड्याला नाडा बघितला. म्हटलं, दादा, इथे काही बांधू नका, कडीत अडकेल. तर म्हणाला, आईने बांधलाय, तुम्हीच सोडा."

"मग का नाही सोडलास?"

"साहेब, मी दोरे बांधत नाय, पण दुसऱ्याचे तोडत पण नाय. देवीचा नाडा माझ्या हाताने तुटला आणि पुढे काही झालं, तर लोक माझ्या अख्ख्या वस्तीला धरतील. आता सांगितलं असतं तरी म्हणाले असते, हा देवीवर ढकलतो."

त्याचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी त्या बंगल्यावर गेलो. मुलाची आई जमिनीवर बसली होती. मी काही विचारण्याआधी तीच बोलू लागली. "तो रोज ते चाक काढून काखेत मारून घरात आणायचा. गाडी चोरीला जाऊ नये म्हणून. मला धडकीच भरायची हो. निघणारी वस्तू ती निघणारच. म्हणून देवीच्या गडावरून नाडा आणला आणि दांड्याला माझ्या हाताने बांधला, घट्ट राहावं म्हणून." मग तिने विचारलं, "तो नाडा सापडला का? तेवढा मला द्याल?"

"नाही सापडला, ताई," मी म्हणालो.

हेच माझं पहिलं खोटं. ठाण्यात परतलो आणि ते धागे रद्दीच्या टोपलीत टाकले. त्यांचा पंचनामा केला नाही, केस डायरीत ओळ घातली नाही. खरं लिहिलं असतं तर मिस्त्री त्याच दिवशी सुटला असता. पण ते कागद कोर्टात वाचले गेले असते आणि आपल्याच हाताने लेक गेला, हे त्या बाईला भर कोर्टात कळलं असतं. माझ्याने ते झालं नाही. कलम तेवढं निष्काळजीपणाचं केलं आणि मनाला समजावलं की पुराव्याअभावी सुटेल बिचारा.

सुटला, पण चार वर्षांनी. प्रत्येक तारखेला ती आई यायची आणि मिस्त्री दिसला की म्हणायची, "माझं लेकरू खाल्लंस." तो ऐकून घ्यायचा. मी शेजारी टोपी काखेत धरून उभा असायचो. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं लोक पोलिसांना उगाच म्हणत नाहीत. इथे तर चोरही नव्हता.

पुढे विंचूरच्या कांदा बाजारात बंदोबस्ताला गेलो असताना तो दिसला. पाठीवर गोण होती. गोण उतरवून त्याने नमस्कार केला.

"गॅरेज?" मी विचारलं.

"कोण देतंय गाडी, साहेब? सुटलो असं कागदावर आहे." मग म्हणाला, "आई गेली पोळ्याच्या आधी. तुमच्या ठाण्याबाहेर डबा घेऊन बसायची, ती. शेवटपर्यंत एकच विचारायची, खरंच तुझ्या हातून झालं का रे? मी नाय म्हणायचो. तिला पटलं नाय."

त्याने गोण पुन्हा पाठीवर घेतली आणि तो गेला. माझा बंदोबस्त संध्याकाळपर्यंत होता, पण बाजारात काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं विचारणारे दया आणि न्याय यांवर काहीतरी ऐकायला बसतात. मला तसं काही सांगता येत नाही. एका आईला वाचवावं असं मला वाटलं, कारण ती बंगल्यात होती आणि माझ्याशी बोलली. दुसरी तीन दिवस ठाण्याच्या पायरीवर बसली होती. तिलाही मी जाता-येता पाहिलं असणार. मला ती आठवत नाही.